अभिजात प्राचीन जग : साम्राज्ये, धर्म आणि विचारवंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभिजात प्राचीन काळ म्हणजे नेमका कोणता काळ?

ढोबळमानाने इ.स.पू. ६०० ते इ.स. ५०० हा सुमारे अकराशे वर्षांचा काळ या नावाने ओळखला जातो. युरोपातील अभ्यासकांनी ही संज्ञा दीर्घकाळ केवळ ग्रीस आणि रोम यांच्यापुरती वापरली. परंतु याच शतकांत इराणमध्ये हखामनी साम्राज्य, भारतात मौर्य व सातवाहन आणि चीनमध्ये हान घराणे उभे राहिले, आणि आजही कोट्यवधी लोक ज्यांना मानतात ते बहुतेक धर्म व दर्शने याच काळात घडली. म्हणून येथे या सर्व प्रदेशांचा एकत्रित विचार केला आहे. या सगळ्या माहितीतून एक सूत्र वारंवार पुढे येते. नवा विचार बहुधा लहान, आपसांत झगडणाऱ्या राज्यांत किंवा पराभूत समाजांत जन्मला. साम्राज्यांनी तो नंतर स्वीकारला आणि स्वीकारताना आपल्या गरजेप्रमाणे बदलला.

बुद्ध, महावीर, कन्फ्यूशियस आणि सॉक्रेटिस हे साधारण एकाच सुमारास कसे झाले?

या योगायोगाकडे जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास जगाचे लक्ष वेधले आणि त्या काळाला ‘अक्षयुग’ म्हणता येईल अशी संकल्पना मांडली. ‘एकाच सुमारास’ हे शब्द मात्र फार ताणू नयेत. कन्फ्यूशियसचा काळ इ.स.पू. ५५१ ते ४७९ असा मानला जातो. जैन परंपरा महावीरांचे निर्वाण इ.स.पू. ५२७ मध्ये मानते, बुद्धांच्या काळाबद्दल विद्वानांत शंभरएक वर्षांचा मतभेद आहे, आणि सॉक्रेटिसचा मृत्यू इ.स.पू. ३९९ मध्ये झाला.

तरीही परिस्थितीतील साम्य खरे आहे. लोखंडी अवजारांमुळे शेती वाढली, नगरे वाढली, नाणी चलनात आली आणि जुन्या कुळांचे अधिकार डळमळीत झाले. गंगेच्या खोऱ्यात सोळा महाजनपदे होती आणि शाक्य, वज्जी यांच्यासारखे गणसंघ, म्हणजे एका राजाऐवजी कुळप्रमुखांच्या सभेने चालणारी राज्ये, मगध व कोसल यांच्या वाढत्या सत्तेपुढे टिकाव धरून होते. चीनमध्ये झोऊ राजाची सत्ता नावापुरती उरली होती आणि सामंतांची राज्ये एकमेकांना गिळत होती. ग्रीसमध्ये शेकडो स्वतंत्र नगरराज्ये होती. अशा जगात विचारवंताला एका राज्यात मान मिळाला नाही, तर तो दुसऱ्या राज्यात जाऊ शकत असे. कन्फ्यूशियस आपले लू राज्य सोडून अनेक वर्षे दरबारामागून दरबार फिरला. बुद्धांना बिंबिसार व प्रसेनजित या दोन प्रतिस्पर्धी राज्यांच्या राजांकडे आदर मिळाला. माझ्या मते या युगाची सुपीकता समजून घेण्यासाठी हे राजकीय विखुरलेपण कोणत्याही गूढ स्पष्टीकरणापेक्षा अधिक उपयोगी आहे.

या काळातील पहिले मोठे साम्राज्य कोणते?

इराणचे हखामनी साम्राज्य. इ.स.पू. ५५० च्या सुमारास कुरुश राजाने मीड लोकांची सत्ता उलथवून त्याचा पाया घातला आणि इ.स.पू. ५३९ मध्ये बाबिलोन जिंकले. पुढे पहिल्या दारयवहूच्या काळात (इ.स.पू. ५२२ ते ४८६) ते सिंधूच्या खोऱ्यापासून एजियन समुद्रापर्यंत पसरले. प्रांतांवर क्षत्रप नेमले गेले, सार्डिस ते सुसा असा सुमारे अडीच हजार किलोमीटरचा राजमार्ग वापरात आला आणि कारभारासाठी अरमाईक भाषा चालू ठेवली गेली. बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहूने आपला विजय जुनी फारसी, एलामी आणि बाबिलोनी अशा तीन भाषांत कोरून घेतला आणि त्याचे श्रेय अहुर मज्दा या इराणी देवाला दिले.

बाबिलोनमध्ये सापडलेल्या कुरुशाच्या मातीच्या लेखाला ‘मानवाधिकारांची पहिली सनद’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती टाळावी. त्या लेखात कुरुश स्वतःला बाबिलोनच्या मर्दुक देवाने निवडलेला राजा म्हणवतो, आणि असे जाहीरनामे काढण्याची मेसोपोटेमियात जुनीच परंपरा होती. मात्र जिंकलेल्या लोकांचे देव व देवळे मोडण्याऐवजी त्यांना आश्रय देण्याचे धोरण खरे होते. इ.स.पू. ५८६ मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर बाबिलोनमध्ये नेल्या गेलेल्या यहुद्यांना या धोरणामुळेच परतण्याची मुभा मिळाली. राज्य गमावूनही ग्रंथ, प्रार्थना आणि आचार यांच्या बळावर समाज टिकवता येतो, हे यहुदी या पारतंत्र्यातच शिकले.

झरथुष्ट्राच्या धर्माचे महत्त्व काय?

झरथुष्ट्राच्या काळाबद्दल अभ्यासकांत कित्येक शतकांचा मतभेद असला, तरी गाथा ही त्याची स्तोत्रे अवेस्ता या धर्मग्रंथात जपली गेली आहेत. सत्य आणि असत्य यांतील संघर्षात प्रत्येक माणसाने स्वतः निवड करायची आहे, ही त्याची मुख्य शिकवण होय. अंतिम न्यायाची जी कल्पना पुढे यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांत ठळकपणे दिसते, तिच्याशी या विचाराचे साम्य अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. सासानी घराण्याने (इ.स. २२४ ते ६५१) या धर्माला राजाश्रय देऊन त्याची पुरोहितव्यवस्था बळकट केली. त्या साम्राज्याच्या पाडावानंतर काही अनुयायी समुद्रमार्गे गुजरातेत आले. त्यांचेच वंशज म्हणजे पारशी समाज, ज्याच्यावाचून मुंबईचा इतिहास लिहिता येणार नाही.

अथेन्सची लोकशाही खरोखर लोकशाही होती का?

इ.स.पू. ५०८ मध्ये क्लेइस्थेनीसने केलेल्या सुधारणांनंतर अथेन्सच्या प्रौढ पुरुष नागरिकांना लोकसभेत स्वतः बोलण्याचा व मत देण्याचा हक्क मिळाला. पाचशे सदस्यांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडले जाई. न्यायालयातील पंच सामान्य नागरिक असत आणि गरिबालाही येता यावे म्हणून त्यांना भत्ता मिळे. प्रतिनिधी निवडून स्वस्थ बसणाऱ्या आजच्या नागरिकापेक्षा तेथील नागरिकाचा सहभाग कितीतरी मोठा होता. परंतु स्त्रिया, गुलाम आणि परगावाहून येऊन स्थायिक झालेले लोक या व्यवस्थेच्या बाहेर होते. म्हणजे लोकसंख्येचा मोठा भाग बाहेरच होता. शिवाय अथेन्सचे वैभव ज्या मित्रराज्यांच्या खंडणीवर उभे राहिले, त्यांना लोकशाही राज्याची साम्राज्यशाही पुरेपूर अनुभवावी लागली.

मग अशा नगराने सॉक्रेटिसला मृत्युदंड का दिला?

नगराच्या देवांना न मानणे आणि तरुणांना बिघडवणे, असे दोन आरोप त्याच्यावर होते. ते समजून घेण्यासाठी त्या वेळची परिस्थिती पाहावी लागते. स्पार्टाशी चाललेले सत्तावीस वर्षांचे युद्ध इ.स.पू. ४०४ मध्ये पराभवाने संपले होते आणि त्यानंतर तीस जणांच्या जुलमी राजवटीने अनेक नागरिकांना ठार केले होते. त्या तीस जणांतील क्रिटियास आणि युद्धात पक्ष बदलणारा अल्किबायडीस हे दोघेही एके काळी सॉक्रेटिसच्या सहवासात वावरलेले होते. दुखावलेल्या नगराने आपला राग सत्तर वर्षांच्या माणसावर काढला.

यामुळे निकाल न्याय्य ठरत नाही. पण ‘अडाणी जमावाने ज्ञानी माणसाला मारले’ एवढेच सांगणे अपुरे आहे. सॉक्रेटिसने स्वतः काहीही लिहिले नाही. आपल्याला तो मुख्यतः प्लेटो आणि झेनोफोन या शिष्यांच्या लेखनातून भेटतो.

प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांच्यात मुख्य फरक कोणता?

गुरूच्या मृत्यूने प्लेटोचा लोकशाहीवरील विश्वास उडाला. आपण पाहतो त्या बदलत्या वस्तूंपलीकडे शाश्वत आदर्शरूपे आहेत, आणि ती ज्याला कळली त्यानेच राज्य करावे, असे तो मानू लागला. इ.स.पू. ३८७ च्या सुमारास त्याने स्थापलेल्या अकादमीत ॲरिस्टॉटल वीस वर्षे शिकला आणि मग वेगळ्या वाटेने गेला. ॲरिस्टॉटलला सत्य वस्तूंमध्येच शोधायचे होते. म्हणून त्याने मासे, पक्षी आणि मधमाश्या बारकाईने पाहिल्या, अनुमानाचे नियम बसवले, आणि राज्यशास्त्र लिहिण्याआधी १५८ राज्यांच्या घटनांची माहिती जमवण्याचे काम हाती घेतले. याच ॲरिस्टॉटलने काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असेही लिहिले आणि पुढची अनेक शतके गुलामगिरीच्या समर्थकांनी त्याचा आधार घेतला. थोर विचारवंताची चूकही दूरवर पोहोचते, म्हणून ती झाकून ठेवू नये.

अलेक्झांडर भारतात हरला होता का?

नाही. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी त्याने पोरस राजाचा पराभव केला आणि त्याचे राज्य त्यालाच परत दिले. पुढे बियास नदीपाशी थकलेल्या सैन्याने पूर्वेकडे जाण्यास नकार दिला आणि त्याला परत फिरावे लागले. इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनमध्ये तो वारला. त्याच्या लढायांपेक्षा नंतरची घडामोड अधिक महत्त्वाची आहे. इजिप्तपासून बॅक्ट्रियापर्यंत (आजचा उत्तर अफगाणिस्तानचा भाग) ग्रीक भाषा व्यापार आणि विद्येची भाषा झाली, आणि इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी या ग्रीक घराण्याच्या अलेक्झांड्रियात युक्लिडने भूमितीची मांडणी केली तर एराटोस्थेनीसने सावल्यांच्या मोजमापावरून पृथ्वीचा परीघ काढला.

अशोकाने बौद्ध धर्माला राजधर्म केले का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर खुद्द अशोकाच्या लेखांतच आहे. अशोक बौद्ध उपासक होता, याविषयी शंका नाही. त्याने लुंबिनीची यात्रा केली आणि तेथील कर कमी केला. भाब्रूच्या लेखात त्याने भिक्षू, भिक्षुणी आणि उपासक यांनी कोणते धर्मग्रंथ ऐकावेत हेही सांगितले. परंतु साम्राज्यभर त्याने ज्या धम्माचा प्रचार केला, त्यात चार आर्यसत्ये किंवा निर्वाण यांचा उल्लेख नाही. आईवडिलांची सेवा, दास व नोकरांशी नीट वागणे, प्राण्यांची हिंसा टाळणे, श्रमण आणि ब्राह्मण या दोघांनाही दान देणे, असा तो सर्वांना झेपणारा आचारधर्म आहे. बाराव्या शिलालेखात तो म्हणतो की जो केवळ आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो. त्याने बराबर टेकड्यांतील लेणी आजीवक या बौद्धेतर संन्यासी पंथाला दिली, ही गोष्ट या धोरणाशी जुळणारीच आहे.

तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धाची कबुली आहे. दीड लाख लोक देशोधडीला लावले गेले, एक लाख मारले गेले आणि त्याच्या कित्येक पट मेले, असे खुद्द जेता राजा सांगतो. प्राचीन जगातील दुसऱ्या कोणत्याही सम्राटाने आपल्या विजयाबद्दल अशा शब्दांत खेद कोरून ठेवलेला नाही. त्याच वेळी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कलिंग त्याने परत केले नाही, आणि खुद्द कलिंगातील धौली व जौगड येथे हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. तेथे त्याऐवजी अधिकाऱ्यांनी प्रजेशी न्यायाने वागावे असे सांगणारे वेगळे लेख आहेत. याच तेराव्या लेखात वनवासी लोकांना सौम्य शब्दांत ताकीदही दिली आहे. करुणा आणि राज्यकारभार एकाच हाताने लिहिले गेले की काय घडते, ते येथे दिसते, आणि म्हणूनच हे लेख मला कोणत्याही स्तुतिकाव्यापेक्षा अधिक मोलाचे वाटतात.

कन्फ्यूशियसचे विचार चीनचे अधिकृत तत्त्वज्ञान कसे झाले?

कन्फ्यूशियसला हयातीत मोठे अधिकारपद फार काळ लाभले नाही. माणुसकी, विधिवत आचार आणि वडीलधाऱ्यांविषयी आदर यांतून राज्य सुधारते, ही त्याची शिकवण शिष्यांनी जपली. त्याच्या मृत्यूनंतरच्या युद्धमान राज्यांच्या काळात सर्वांवर समान प्रेम करा असे सांगणारा मोझी, माणूस मुळात चांगला आहे असे मानणारा मेन्शियस आणि माणूस मुळात स्वार्थी आहे असे मानणारा शुन्झी यांचे वाद रंगले. पण इ.स.पू. २२१ मध्ये चीन एकत्र केला तो छिन राज्याने, आणि त्याचा आधार होता कठोर कायदा व शिक्षा यांवर भर देणारा विधिवादी विचार. पहिल्या सम्राटाने लिपी, वजनमापे आणि गाड्यांच्या आसाची रुंदीसुद्धा एकसारखी केली. इ.स.पू. २१३ मध्ये खाजगी संग्रहांतील ग्रंथ जाळण्याचा हुकूमही त्यानेच काढला. हे घराणे पंधरा वर्षांत कोसळले.

नंतरच्या हान घराण्यातील सम्राट वू याने इ.स.पू. १२४ मध्ये राजकीय विद्यापीठ सुरू केले. तेथे पन्नास विद्यार्थ्यांना कन्फ्यूशियस परंपरेतील पाच अभिजात ग्रंथ शिकवून सरकारी सेवेसाठी तयार केले जाई. येथे विचार कसा बदलला ते पाहण्यासारखे आहे. दरबारी विद्वान दोंग झोंगशू याने त्यात यिन-यांग आणि पंचतत्त्वांचे विश्वशास्त्र मिसळले आणि सम्राटाला आकाश व पृथ्वी यांच्यातील दुवा ठरवले. दंडविधान व मीठ-लोखंडाची सरकारी मक्तेदारी मात्र विधिवादी वळणाचीच राहिली. इ.स.पू. ८१ मध्ये या मक्तेदारीवरून दरबारात विद्वान आणि अधिकारी यांच्यात जाहीर वाद झाला. राज्याने व्यापार करावा की प्रजेला नीती शिकवावी, हा त्यातला मुद्दा होता.

दाओ पंथाचे काय?

लाओझीच्या नावावर असलेला लहानसा ग्रंथ आणि झुआंगझीच्या कथा यांनी उलट बाजू मांडली : जितका हस्तक्षेप कमी, तितके राज्य व मन स्वस्थ. अधिकारी दिवसा कन्फ्यूशियसचा आणि घरी दाओचा, असे चिनी विद्वानांच्या आयुष्यात पुष्कळदा दिसते. पुढे बौद्ध धर्म चीनमध्ये आला, तेव्हा त्याच्या कल्पना समजावून सांगण्यासाठी दाओ परंपरेचीच परिभाषा उपयोगी पडली.

रोमने विचाराच्या क्षेत्रात काय दिले?

रोमने प्रामुख्याने कायदा दिला. इ.स.पू. ५०९ मध्ये राजेशाही संपवून स्थापन झालेले गणराज्य भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश जिंकत गेले आणि त्या विजयांच्याच ओझ्याखाली यादवीत सापडले. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरचा वध झाला आणि इ.स.पू. २७ मध्ये ऑगस्टस पहिला सम्राट झाला. गणराज्याची सर्व नावे त्याने तशीच ठेवली आणि सत्ता तेवढी स्वतःकडे घेतली. इ.स. २१२ मध्ये कॅराकॅला या सम्राटाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र लोकांना नागरिकत्व दिले.

तत्त्वज्ञान रोमनांनी ग्रीकांकडून घेतले. त्यांना सर्वांत जवळचा वाटला तो झेनोने इ.स.पू. ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये सुरू केलेला स्टोइक पंथ. आपल्या हाती जे आहे त्याची काळजी घ्यावी आणि जे नाही ते शांतपणे स्वीकारावे, ही त्याची शिकवण गुलाम म्हणून जन्मलेल्या एपिक्टेटसने दिली आणि सम्राट मार्कस ऑरेलियसने डॅन्यूबकाठच्या लष्करी छावण्यांत ग्रीक भाषेत स्वतःसाठी लिहून ठेवली. मात्र या पंथाने सर्व माणसे एकाच विश्वनगराचे नागरिक आहेत असे सांगूनही गुलामगिरीची संस्था मोडली नाही.

ख्रिस्ती धर्म एवढ्या वेगाने कसा पसरला?

रोमन अंमलाखालील यहुदियात पाँटियस पिलात राज्यपाल असताना येशूला क्रूसावर चढवले गेले. पौल या त्याच्या अनुयायाने हा संदेश यहुदी नसलेल्यांपर्यंत नेला. रोमन रस्ते, सुरक्षित समुद्रमार्ग आणि सर्वत्र समजणारी ग्रीक भाषा त्याच्या कामी आली. गरीब, विधवा आणि आजारी यांची काळजी घेणारे सुसंघटित समुदाय नगरानगरांत उभे राहिले. इ.स. ३०३ मध्ये डायोक्लेशियनने सुरू केलेला मोठा छळही त्यांना संपवू शकला नाही. इ.स. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनच्या काळात त्यांना उघडपणे उपासनेचे स्वातंत्र्य मिळाले, इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे सम्राटाच्या पुढाकाराने धर्मपरिषद भरली आणि इ.स. ३८० मध्ये थिओडोसियसने हा धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरवला. त्यानंतर मतभेद राखणाऱ्या ख्रिस्ती गटांवर आणि जुन्या देवांच्या पूजकांवर बंदी घालण्यासाठी राज्यसत्तेचा वापर झाला. छळ सोसलेला धर्म शंभर वर्षांच्या आत सत्तेचा धर्म झाला.

या संस्कृतींना एकमेकींची माहिती होती का?

समजुतीपेक्षा पुष्कळच अधिक होती. अशोकाचा कंदाहार येथील एक लेख ग्रीक आणि अरमाईक या दोन भाषांत आहे. तेराव्या शिलालेखात त्याने पाच ग्रीक राजांची नावे घेतली आहेत. विदिशेजवळ बेसनगर येथे तक्षशिलेच्या हेलिओडोरस या ग्रीक राजदूताने वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारला आणि स्वतःला भागवत, म्हणजे वासुदेवाचा भक्त, म्हणवले. ग्रीक राजा मिनँडर म्हणजेच मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद पाली वाङ्मयात अमर झाला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाचे आणि त्याच्या नागसेनवन परिसराचे नाव याच जोडीवरून आले आहे.

चीनचा झांग छियान इ.स.पू. १३८ मध्ये पश्चिमेकडे निघाला आणि मध्य आशियातील वाटा हान दरबाराला कळल्या. इ.स. ९७ मध्ये रोमकडे पाठवलेला गान यिंग मात्र वाटेतील समुद्रापाशी थांबून परत फिरला. रेशमाच्या व्यापारातील मधला नफा तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या पार्थियनांकडे जात असे, आणि दोन टोके थेट जोडली जावीत अशी त्यांची इच्छा असण्याचे कारण नव्हते.

या मोठ्या पटावर महाराष्ट्र कुठे होता?

अगदी मध्यावर, कारण सातवाहनांचे प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण ही व्यापारी वाटेवरची राजधानी होती. इ.स. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शिकेत भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, यांची नोंद आहे. तेथून माल गाड्यांवर लादून बंदराकडे जात असे. त्याच शतकात रोमन लेखक प्लिनीने, भारत दरवर्षी साम्राज्याची पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) इतकी संपत्ती शोषून घेतो, अशी तक्रार लिहून ठेवली.

सातवाहन राजे वैदिक यज्ञ करीत. नाणेघाटातील नागनिका राणीच्या लेखात अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची लांबलचक यादीच आहे. तेच घराणे बौद्ध भिक्षूंना लेणी आणि जमिनी देत होते. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचा पराक्रम कोरून घेतला आणि ते लेणे भिक्षुसंघाला दिले. क्षहरातांचा, म्हणजे नहपान राजाच्या शक घराण्याचा, उच्छेद केल्याचा त्यातील दावा पोकळ नव्हता, कारण नाशिकजवळ जोगलटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांत नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा उमटवलेली हजारो नाणी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेले खांब आहेत. एकच धर्म लादल्याशिवाय साम्राज्य टिकत नाही असे म्हणणाऱ्यांनी सातवाहनांकडे अवश्य पाहावे.

ही साम्राज्ये का कोसळली?

प्रत्येकाची कहाणी वेगळी आहे. इ.स. २२० मध्ये हान घराणे संपले ते शेतकऱ्यांची बंडे, दरबारातील गटबाजी आणि सेनापतींची वाढती स्वायत्तता यांमुळे. पश्चिम रोमचा शेवटचा सम्राट इ.स. ४७६ मध्ये पदच्युत झाला, पण कॉन्स्टँटिनोपलचे पूर्व साम्राज्य पुढे सुमारे एक हजार वर्षे चालले. लांब सीमांवरील सैन्याचा खर्च आणि तो भागवण्यासाठी शेतीवर पडणारा कराचा बोजा, हे कारण बहुतेक ठिकाणी आढळते.

महाराष्ट्रात या काळाचे अवशेष कुठे पाहता येतील?

सोपारा येथे सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येते, आणि तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या नगराच्या व्यापाराच्या खुणा आहेत. नाशिकची त्रिरश्मी म्हणजेच पांडवलेणी, कार्ले आणि नाणेघाट ही ठिकाणे प्रत्यक्ष जाऊन पाहावीत. नाणेघाटातील लेख बराच झिजला आहे आणि त्याच्यावर हात फिरवल्याने तो अधिक झिजतो. त्यामुळे तेथे अक्षरांना स्पर्श न करता तिरप्या उजेडात, म्हणजे सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, लेख पाहणे सर्वांत चांगले.